चुटक्या, सोन्याचे दात आणि गुडघ्यापर्यंतचा टी-शर्ट : हिप-हॉपमधल्या औटघटकेच्या लाटा

जानेवारी २००६मध्ये बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाच्या 'हॉट १००' यादीत, म्हणजे अमेरिकेत त्या आठवड्यात सर्वांत जास्त चाललेल्या गाण्यांच्या यादीत, पहिला क्रमांक पटकावला अटलांटाच्या 'डी४एल' या गटानं. गाणं होतं 'लॅफी टॅफी'. आठवडाभरातच त्यांना खाली ढकलून सेंट लुईसचा रॅपर नेली 'ग्रिल्झ' घेऊन वर आला. पहिलं गाणं बोटांच्या चुटक्यांवर उभं होतं, दुसरं दातांवर चढवायच्या सोन्याच्या खोळीवर. ही गाणी ज्यांच्या गाड्यांमध्ये वाजत होती त्या पोरांच्या अंगात होता गुडघ्यापर्यंत लोंबणारा कोरा पांढरा टी-शर्ट. २००९ उजाडेपर्यंत या तिन्ही गोष्टी 'कालच्या' झाल्या होत्या.

अशा लाटांना पोरांचं खूळ म्हणून मोडीत काढायची पद्धत आहे. त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक लाट कशावर तरी उभी असते : एखादं यंत्र, एखादी किंमत, गाणं लोकांपर्यंत पोचवणारी एखादी वाट. तो आधार सापडला की ती लाट का आली, का ओसरली आणि मागे काय ठेवून गेली, हे तिन्ही नीट दिसायला लागतं. म्हणून इथे साधारण २००२ ते २००९ या काळातल्या, मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लाटा जरा उलगडून बघू.

स्नॅप : कमीत कमी सामानाचं संगीत

'लॅफी टॅफी'सारखं चुटक्यांवर चालणारं हे संगीत म्हणजे स्नॅप. ते जन्मलं अटलांटाच्या पश्चिमेकडच्या बँकहेड या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीत. त्याआधी त्या शहरावर राज्य होतं क्रंकचं. रॅपर लिल जॉनचा तो आरडाओरडा, जाड सिंथ म्हणजे सिंथेसायझरचे सूर, अंगावर येणारे ड्रम आणि क्लबमध्ये धक्काबुक्की. स्नॅपवाल्यांनी त्यातलं बहुतेक सामान उचलून बाहेर ठेवलं. उरलं काय? खोल बास, एक चुटकी, तीन-चार सुरांची सिंथची ओळ आणि सगळ्यांना एकत्र म्हणता येईल असं ध्रुवपद, म्हणजे हुक. नाचही तसाच : जागच्या जागी डुलायचं, एका बाजूला झुकायचं आणि चुटकी वाजवायची.

स्नॅपचा बीट, म्हणजे गाण्याखालचा वाद्यमेळ, घरच्या संगणकावर बांधायचा तर काय लागतं ते बघा. टेम्पो मिनिटाला ७० ते ८० मात्रा. चार मात्रांचा एक बार. बीट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हा बार सोळा घरांत विभागलेला असतो, म्हणजे एका मात्रेला चार घरं. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा ठोका पडतो. स्नॅपमध्ये त्या जागी चुटकी येते, म्हणजे पाचव्या आणि तेराव्या घरात. किक, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, पहिल्या घरात हवीच. पुढची एखाद-दुसरी किक सातव्या किंवा अकराव्या घरात टाकली की चाल थोडी लंगडते आणि तीच गंमत असते. बास 'एट-ओ-एट'चा, म्हणजे रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम-यंत्राचा. हे यंत्र १९८० ते १९८३ एवढीच वर्षं बनलं, पण त्याच्या किकचा लांबत जाणारा खोल आवाज आजही कितीतरी रॅपच्या तळाशी असतो.

सामान कमी म्हणून काम सोपं, असं वाटतं आणि तिथेच बीट फसतो. पहिली चूक चुटकीची. माइकसमोर वाजवलेली एकच चुटकी गाण्यात किरकोळ वाटते. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या चुटक्या एकमेकींवर ठेवतात आणि त्या १० ते २० मिलिसेकंदांनी पुढे-मागे सरकवतात. त्यामुळे चार माणसं एकदम वाजवताहेत असा भास होतो. हे अंतर ४० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की कान त्यांना दोन स्वतंत्र आवाज म्हणून ऐकायला लागतो आणि ठोका विस्कटतो. चुटकीतला ३०० हर्ट्झच्या खालचा भाग छाटून टाकायचा, कारण तिथे फक्त खोलीची गुरगुर असते.

दुसरी चूक बासची. ८०८चा किक हा ड्रम असला तरी त्याला स्वर असतो. तो गाण्याच्या स्वरात लावला नाही तर सिंथची ओळ बेसूर वाटते आणि नवशिक्याला दोष कुठे आहे तेच कळत नाही. ट्यूनरवर बासचा स्वर बघून तो वर-खाली करून जुळवायचा. शिवाय हा आवाज लांबतो. आधीचा संपायच्या आत दुसरा सुरू झाला की दोघे एकमेकांवर चढतात, एक घोगरा गोळा तयार होतो आणि सगळ्या गाण्याचा आवाज दबतो. त्यासाठी नवा ठोका पडताच जुना तोडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू ठेवायची.

तिसरी चूक सर्वांत जास्त होते : मोकळी जागा बघवत नाही म्हणून कुणीतरी स्नेअर घालतं, कुणी हाय-हॅटची, म्हणजे झांजांच्या बारीक ठोक्यांची, झालर लावतं. तेवढ्यानं स्नॅप संपतं. त्या रिकामेपणात नाचणाऱ्याची स्वतःची चुटकी बसायची असते.

तीस सेकंदांचा बाजार

आता हे संगीत नेमकं २००५ ते २००७मध्येच का फोफावलं? उत्तर खिशातल्या फोनमध्ये आहे.

त्या वर्षांत अमेरिकेत लोक रिंगटोन विकत घेत होते. आधी नुसत्या सुरावटीचे टोन असायचे, मग मूळ गाण्याचाच तुकडा वाजवणारे फोन आले. बिलबोर्डनं २००४मध्ये रिंगटोनची वेगळी यादी सुरू केली. २००६मध्ये तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं रिंगटोनच्या विक्रीसाठी गोल्ड, प्लॅटिनम असे मान द्यायला सुरुवात केली. हिशोब बघा : आयट्यून्सवर अख्खं गाणं ९९ सेंटना, आणि त्याच गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा रिंगटोन म्हणून साधारण दोन ते तीन डॉलरना. तुकडा अख्ख्यापेक्षा महाग! २००७मध्ये अमेरिकेत हा धंदा सुमारे एक अब्ज डॉलरच्या घरात गेला होता. आपल्याकडे त्याच काळात कॉलर ट्यूनचे पैसे महिन्याच्या महिन्याला बॅलन्समधून कापले जात होते, ते आठवत असेल तर हे गणित लगेच पटेल.

स्नॅप या बाजारात दोन कारणांनी चपखल बसलं. एक कारण आवाजाचं. त्या वेळच्या फोनचा स्पीकर नखाएवढा. काही शे हर्ट्झच्या खालचं त्यातून जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही. ८०८चा बास ५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे फोनवर तो नाहीच. ज्या गाण्याचा सगळा जोर जड ड्रमवर, ते रिंगटोन म्हणून पोकळ वाजायचं. चुटकी, शिट्टी, पातळ सिंथ आणि माणसाचा आवाज हे मात्र एक हजार हर्ट्झच्या आसपास आणि वर स्वच्छ ऐकू येतात. बासचा भास राहावा म्हणून बीट बनवणारे त्याला थोडं फाडतात, म्हणजे मुद्दाम विकृत करतात. त्यामुळे मूळ ५० हर्ट्झच्या पटीतले वरचे स्वर उमटतात आणि मेंदू तेवढ्यावरून खालचा स्वर असल्यासारखा धरून चालतो. एकच गाणं गाडीत छातीत धडकायचं आणि फोनवर खडखडीत ऐकू यायचं.

दुसरं कारण लांबीचं. ७५च्या टेम्पोला एक मात्रा ०.८ सेकंदाची, चार मात्रांचा बार ३.२ सेकंदांचा. रॅपमधला हुक बहुतेक वेळा आठ बारांचा असतो. आठ बार म्हणजे २५.६ सेकंद. तीस सेकंदांच्या रिंगटोनमध्ये हुक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुरा बसतो आणि वर चार सेकंद उरतात. सगळ्यांनीच असा हिशोब मांडून गाणी केली असं नाही. पण जी गाणी अशी बसत होती ती विकली गेली, आणि जी विकली गेली त्यांच्यासारखी आणखी बनली.

या वाटेवरचा सर्वांत मोठा मासा म्हणजे सोल्जा बॉय. सतरा वर्षांचा पोरगा. एफएल स्टुडिओ या घरगुती संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बीट करायचा आणि गाणी साउंडक्लिक, मायस्पेस अशा ठिकाणी स्वतःच टाकायचा. 'क्रँक दॅट' हे त्याचं गाणं सप्टेंबर २००७मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि मध्ये थोडं खाली-वर होत एकूण सात आठवडे तिथे राहिलं. त्याचा नाच लोकांनी यूट्यूबवर बघून शिकला आणि स्वतःचे व्हिडिओ करून परत तिथेच टाकले. २००८मध्ये ज्येष्ठ रॅपर आइस-टीनं या मुलावर हिप-हॉपचा जीव घेतल्याचा जाहीर आरोप केला. आमच्या मते तो आरोप चुकीच्या माणसावर होता. पोरानं हातात होतं त्या साधनांतून गाणं केलं. नुकसान झालं ते कंपन्यांच्या सौद्यांमुळे : एका हुकसाठी कलाकार करारबद्ध करायचा, रिंगटोन विकून घ्यायचे, आणि अल्बम खपला नाही की त्याला वाऱ्यावर सोडायचं. या काळात एका गाण्यापुरते चमकून गेलेले जे गट दिसतात त्यांतले बरेच असे आहेत.

मग हा बाजार बसला कशानं? जून २००७मध्ये आयफोन आला. लोकांच्या हातात असा फोन पडायला लागला ज्यात अख्खं गाणं ऐकता येतं, आणि स्वतःच्या फाइलमधून तुकडा कापून फुकट रिंगटोन करता येतो. फोन सतत थरथराटावर ठेवायची सवयही याच काळात पक्की झाली. २००८पासून रिंगटोनची कमाई घसरत गेली, आणि ज्या गाण्यांचा जीव त्या तीस सेकंदांत होता त्यांना घेणारं कुणी उरलं नाही. त्यात स्नॅपची नक्कल करणं फारच सोपं होतं. पाच-सहा आवाज जमवले की झालं, त्यामुळे दोन वर्षांत एकसारख्या गाण्यांचा पूर आला. कमी सामान ही त्याची ताकद होती आणि ते लवकर विटायचं कारणही तेच.

चुटकी मात्र गेली नाही. लॉस एंजेलिसच्या डीजे मस्टर्डनं २०११नंतर जे उघडे-बोडके, टाळ्यांवर चालणारे बीट केले त्यांत हाच रिकामेपणा आहे, फक्त टेम्पो वाढवून १००च्या आसपास नेलेला.

दातांवरचं सोनं

ग्रिल्झचा आधार वेगळा होता, म्हणून त्यांचं आयुष्यही वेगळं निघालं. सोन्याचे दात रॅपमध्ये १९८०च्या दशकापासून आहेत. सुरिनामहून आलेल्या एडी प्लेन या कारागिरानं न्यूयॉर्कमध्ये दात न घासता-कापता वर चढवायच्या सोन्याच्या टोप्या बनवल्या आणि पुढे अटलांटात दुकान थाटलं. २००५-०६च्या लाटेचं केंद्र होतं ह्यूस्टन. तिथला रॅपर पॉल वॉल नेलीच्या त्या गाण्यातही आहे आणि व्हिएतनामहून आलेला जवाहिऱ्या जॉनी डँग याच्याबरोबर तो स्वतः ग्रिल्झचा धंदाही करत होता. जाहिरात आणि दुकान एकाच माणसाकडे, हे हिप-हॉपला नवं नाही.

ग्रिल बनवायचं काम म्हणजे दंतवैद्याचं माप आणि सोनाराचं ओतकाम यांची जोड. आधी दातांचं माप घेतात. दवाखान्यात त्यासाठी अल्जिनेट वापरतात. ही पूड पाण्यात कालवली की दोन-तीन मिनिटांत घट्ट होते, पण त्यातलं पाणी उडून साचा आकसतो, म्हणून त्यात लगेच प्लास्टर ओतावं लागतं. टपालानं माप मागवणारे दुकानदार त्यामुळेच अल्जिनेट देत नाहीत, सिलिकॉनची पुट्टी देतात. दोन रंगांचे गोळे अर्धा मिनिट मळून एकजीव करायचे, ट्रेमध्ये भरून दातांवर दाबायचे आणि घट्ट होईपर्यंत, साधारण चार-पाच मिनिटं, न हलवता धरायचे. हा साचा प्रवासात आकार सोडत नाही.

साच्यात दातांसाठीचं कडक प्लास्टर ओतून दातांची प्रतिकृती तयार होते. तिच्यावर मेणाचा पातळ थर देऊन ग्रिलचा आकार घडवतात. मग ते मेण उष्णता सोसणाऱ्या प्लास्टरमध्ये गाडून भट्टीत ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात. मेण जळून जातं, आत पोकळी राहते, तिच्यात वितळलेलं सोनं ओततात. आपले मूर्तिकार पंचधातूच्या मूर्ती करतात तीच ही पद्धत. थंड झाल्यावर घासकाम, प्रतिकृतीवर बसवून बघणं, पॉलिश आणि हवे असतील तर खडे जडवणं.

बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर. मापात हिरडीच्या कडेशी हवेचा बुडबुडा राहिला की तिथे प्लास्टरचा आणि पुढे धातूचा आकार चुकतो. मग ग्रिल टोचतं किंवा डुगडुगतं. शिवाय दात हिरडीशी अरुंद आणि वर रुंद असतो. त्या खाचेत धातू उतरला तर ग्रिल बसतं पण निघत नाही. म्हणून अनुभवी कारागीर प्रतिकृतीवर त्या खाचा आधी मेणानं बुजवतो. सोनं थंड होताना साधारण सव्वा ते दीड टक्का आकसतं. त्याची भरपाई भट्टीतल्या प्लास्टरच्या प्रसरणातून करावी लागते. तो अंदाज चुकला तर मूळ माप कितीही नेमकं असो, ग्रिल दातावर चढत नाही.

सोनं किती कॅरटचं घ्यावं? अमेरिकेत १०, १४ आणि १८ कॅरट चालतात. १० कॅरटमध्ये ४१.७ टक्के सोनं, १४मध्ये ५८.३, १८मध्ये ७५. आपल्याला २२ कॅरटची सवय, पण ते इतकं मऊ असतं की चावल्यावर वाकतं. उलट कॅरट जितका कमी तितका इतर धातूंचा वाटा जास्त. पांढऱ्या सोन्यात निकेल असेल तर काहींच्या हिरड्या आणि ओठ सुजतात. त्यामुळे तोंडात घालायच्या वस्तूसाठी १४ किंवा १८ कॅरट पिवळं सोनं हा शहाणपणाचा मध्य. खाताना आणि झोपताना ग्रिल काढायचंच. त्याच्याखाली अन्नाचे कण आणि लाळ अडकून राहते आणि दात तिथूनच किडतो. मऊ ब्रश आणि साध्या साबणाच्या पाण्यानं ते रोज धुवायचं. दात घासून कायमचं चिकटवणारे लोकही होते. त्यातून परतीचा रस्ता नाही, घासलेलं दाताचं कवच पुन्हा येत नाही.

ही लाट का ओसरली, तर दोन टोकांकडून दाब आला. खाली मॉलमधल्या टपऱ्यांवर सगळ्यांना एकाच मापाचे, गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचे नकली ग्रिल्झ काही डॉलरना मिळायला लागले, आणि खऱ्याची शान गेली. वर सोन्याचा भाव : जानेवारी २००६मध्ये औंसाला ५५० डॉलरच्या आसपास होता, मार्च २००८मध्ये त्यानं १,००० ओलांडले. पण दातांच्या मापाचा दागिना करायचं कसब कारागिरांच्या हातात राहिलं. म्हणून २०१०च्या दशकात ग्रिल्झ परत आले तेव्हा एक-दोन दातांपुरते, नाजूक कामाचे, आणि बायकांच्याही दातांवर दिसायला लागले. जुनं ग्रिल मोडीत घालायला जाणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं : पैसे फक्त शुद्ध सोन्याच्या वजनाचे मिळतात. घडणावळ पूर्ण जाते आणि बारीक खड्यांना जवळजवळ काही किंमत येत नाही.

जर्सी, मग पांढरा टी-शर्ट

कपड्यांत एक लाट दुसरीला कशी जन्म देते हे इथे छान दिसतं. २०००नंतरची दोन-तीन वर्षं जुन्या काळातल्या खेळाडूंच्या जर्सीची होती. फिलाडेल्फियाची मिचेल अँड नेस ही १९०४मध्ये सुरू झालेली कंपनी जुन्या संघांच्या जर्सी मूळ कापड आणि शिलाईबरहुकूम बनवायची. एकेकीची किंमत साधारण २५० ते ४५० डॉलर. अंगात दुर्मीळ जर्सी असणं म्हणजे पैसा आणि खेळाच्या इतिहासाची जाण या दोन्हींची निशाणी. मग रस्तोरस्ती नकली माल आला. आणि नोव्हेंबर २००३मध्ये न्यूयॉर्कचा बडा रॅपर जे-झी यानं 'द ब्लॅक अल्बम'मध्ये सांगून टाकलं की आपण तिशी ओलांडली, जर्सी घालत नाही, कडक जीन्स आणि बटणांचा शर्ट द्या. एवढ्या वजनाचा माणूस असं म्हणाल्यावर दुकानदारांकडे माल पडून राहायला लागला.

ज्यांना तीनशे डॉलर कधीच परवडत नव्हते त्यांनी दुसरी वाट काढली होती : कोरा पांढरा टी-शर्ट, थ्रीएक्सएल ते फाइव्हएक्सएल मापाचा, खांद्यापासून खाली ३६ ते ४० इंच लांब. किंमत काही डॉलर, छाप नाही, नाव नाही. अट एकच, तो नवा-कोरा दिसला पाहिजे. अटलांटाच्या डेम फ्रँचाइझ बॉइझ या गटानं २००४मध्ये त्याच्यावर अख्खं गाणं केलं आणि पुढे स्नॅपमध्येही हाच गट आघाडीवर होता.

नवा-कोरा दिसण्याची अट वाटते तितकी सोपी नाही. न आकसवलेलं सुती होजिअरी कापड पहिल्या धुण्यात लांबीकडून सुमारे पाच टक्के आटतं. ३८ इंचांचा टी-शर्ट जवळजवळ दोन इंच वर जातो आणि रुंदी तेवढी कमी होत नाही, म्हणून तो तंबूसारखा दिसायला लागतो. गळ्याची पट्टी लाटा धरते. घामाचे डाग घालवायला क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर ते आणखी पिवळे पडतात, शिवाय कापडाला चमक देणारं रसायनही त्यानं मरतं. त्यावर उपाय म्हणजे गार पाणी, ऑक्सिजनवालं ब्लीच आणि सावलीत सपाट वाळवणं. एवढा खटाटोप कोण करतो? म्हणून लोक दोन-चार धुण्यांत टी-शर्ट टाकायचे आणि नवा आणायचे.

या टी-शर्टला बाहेरूनही विरोध झाला. अनेक नाइटक्लबांनी दारावरच पांढऱ्या टी-शर्टला बंदी घातली. ऑक्टोबर २००५मध्ये एनबीए या बास्केटबॉल संघटनेनं खेळाडूंना पोशाखाचे नियम घालून दिले. संघाच्या कामावर असताना टी-शर्ट, जर्सी, कपड्यांवरून दिसणाऱ्या साखळ्या, टोप्या चालणार नाहीत. हे नियम कुणाच्या पोशाखाकडे बोट दाखवून केले होते हे सगळ्यांना कळत होतं आणि खेळाडूंनी तसं बोलूनही दाखवलं. गंमत अशी की त्यानंतर तेच खेळाडू मापात शिवलेल्या सुटांकडे वळले आणि पाठोपाठ रॅपमधलाही कपडा आवळत गेला. २००९मध्ये लॉस एंजेलिसच्या पोरांनी 'जर्किन' हा पायांचा नाच आणला. त्यात पायांची करामतच बघायची असते. गुडघ्यापर्यंतच्या टी-शर्टमध्ये ती झाकली जाणार, म्हणून रंगीत चिकट जीन्स आली.

जी लाट मेली नाही

ऑटो-ट्यूनबद्दल मात्र सगळ्यांचा अंदाज चुकला. १९९७मध्ये अँटारेस कंपनीनं हे सॉफ्टवेअर आणलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदींचं विश्लेषण करायचे. बेसूर स्वर गुपचूप सुरात आणणं हे त्याचं मूळ काम. किती वेगानं सुरात आणायचं याचं एक बटण असतं. ते शून्यावर नेलं की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला घसरता भाग गळून पडतो आणि आवाज पायऱ्या चढल्यासारखा टणाटण उड्या मारतो. १९९८मध्ये अमेरिकन गायिका शेर हिच्या गाण्यात जगानं हे ऐकलं, २००५पासून गायक टी-पेननं ते आपलं वाद्यच करून टाकलं. हिंदुस्तानी गायकीत मींड म्हणतात तिचा हे बटण पूर्ण चुराडा करतं, म्हणून आपल्याकडे मराठी किंवा हिंदी चालीवर ते सरसकट लावलं की गाणं निर्जीव होतं. स्वरसप्तक चुकीचं निवडलं तर आणखी वाईट : यंत्र बरोबर लागलेला स्वर उचलून शेजारच्या चुकीच्या स्वरावर नेऊन ठेवतं.

जून २००९मध्ये जे-झीनं ऑटो-ट्यूनच्या मरणाची घोषणा करणारं गाणंच काढलं. जर्सीच्या वेळी त्याचं म्हणणं चाललं, इथे नाही चाललं. जर्सी ही फक्त मिरवायची वस्तू होती. ऑटो-ट्यूननं ज्यांना गाता येत नव्हतं त्या रॅपरना चाल बांधायची सोय दिली होती. ती सोय कुणी परत करत नाही.

आपल्याकडे बघताना

मुंबईचं गली रॅप, म्हणजे तिथल्या वस्त्यांमधलं रॅप, २०१९च्या फेब्रुवारीत 'गली बॉय' हा सिनेमा आल्यावर अचानक सगळीकडे दिसायला लागलं. काही आठवड्यांतच भाजप आणि काँग्रेस दोघांनीही त्यातल्या 'आझादी' या गाण्याचे शब्द वापरून प्रचाराचे व्हिडिओ फिरवले. एखादी गोष्ट तिच्याशी काही घेणंदेणं नसलेल्या लोकांच्या हातात इतक्या पटकन गेली की तिचा चकचकीत थर उतरायला लागतो, तसा तो उतरलाही. पण अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी हे रॅपर सिनेमाच्या कितीतरी आधीपासून गात होते आणि त्यांचा आधार होता त्यांची बोली आणि त्यांची वस्ती. तो आधार सिनेमाबरोबर थिएटरमधून उतरला नाही.

त्यानंतर ड्रिल हा रॅपचा प्रकार आला. १४०च्या आसपासचा टेम्पो आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा ८०८. हा बास लंडनच्या पोरांनी घडवला, न्यूयॉर्कच्या पॉप स्मोक या रॅपरमुळे २०१९-२०मध्ये सगळीकडे गाजला आणि पुढे भारतातही आला. त्यातली घसरण करायला सोपी, म्हणून प्रत्येक बारात घालायचा मोह होतो आणि बीट विटतो. चार बारांत एकदा, तीही ओळ संपताना, एवढी पुरते.

रिंगटोनची जागा आता रील्सनी घेतली आहे आणि तुकडा आणखी लहान झाला आहे. १५ सेकंदांत ७५च्या टेम्पोचे साडेचारच्या वर बार बसतात, म्हणजे आठ बारांचा हुक बसत नाही, चारचा बसतो. १४०च्या टेम्पोला त्याच १५ सेकंदांत पावणेनऊ बार मावतात. कुठल्याही नव्या गाण्याचं घड्याळ लावून बघा : पहिला शब्द कितव्या सेकंदाला येतो, हुक किती बारांचा आहे, आणि फोनच्या स्पीकरवर त्यातलं काय ऐकू येतं. ते गाणं कशावर उभं आहे हे तेवढ्यात कळतं.